मुलांचा विचार पायरीपायरीने कसा वाढतो, ते घरच्या घरी पाहायचं कसं?

डी.एल.एड., बी.एड. किंवा बालवाडीचं प्रशिक्षण घेताना कधी ना कधी ‘एका मुलाचं निरीक्षण करून लिहा’ हे काम अंगावर येतंच. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देणाऱ्यांना ज्याँ पियाजे या अभ्यासकाने सांगितलेल्या मुलांच्या विचाराच्या चार अवस्था तोंडपाठ असतात. पण प्रत्यक्ष मूल समोर बसलं की तो तक्ता हाताशी असूनही उपयोगी पडत नाही. पाच वर्षांचा मुलगा एका प्रश्नाला एखाद्या आजोबांसारखं उत्तर देतो आणि लगेच पुढच्याला ‘ढग दमले म्हणून थांबले’ म्हणतो. मग वहीत लिहायचं काय? मी आधी विद्यार्थिनी म्हणून यातून गेले, नंतर बालवाडीत शिकवताना आणि घरात भाचरं-पुतणी मोठी होताना हेच खेळ पुन्हा पुन्हा केले. नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांना आणि हौशी आईबाबांना उपयोगी पडेल असं सगळं इथे क्रमाने सांगते.

१. आधी पियाजेची थोडी ओळख करून घ्या

ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) हा स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. शिक्षणाने तो मानसशास्त्रज्ञ नव्हताच. १९१८ साली त्याने डॉक्टरेट मिळवली ती गोगलगाईंसारख्या मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासावर. पुढे पॅरिसमध्ये त्याला मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या प्रमाणित करायचं काम मिळालं. कोणत्या वयाची किती मुलं बरोबर उत्तर देतात, हे मोजायचं, एवढंच काम. त्याला मात्र चुकीची उत्तरंच जास्त मजेदार वाटली, कारण एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. याचा अर्थ लहान मुलाला मोठ्यांपेक्षा ‘कमी’ कळतं असा नाही, त्याला जग वेगळ्या रीतीने कळतं. त्याचं पुढचं सगळं काम या एका निरीक्षणातून निघालं. स्वतःच्या तीन मुलांची, जॅकलिन, ल्युसिएन आणि लॉराँ यांची, तान्हेपणापासूनची टिपणंही त्याने ठेवली.

त्याच्या चार अवस्था अशा: जन्मापासून दोन वर्षांपर्यंत संवेदनकारक (इंद्रियं आणि हालचालींतून विचार), दोन ते सात क्रियापूर्व (शब्द, कल्पना आल्या, तर्क अजून कच्चा), सात ते अकरा मूर्त क्रियात्मक (समोरच्या वस्तूंबद्दल तर्क) आणि अकराच्या पुढे औपचारिक क्रियात्मक (‘समजा’ म्हणूनही तर्क). पुस्तकागणिक ही नावं बदलतात. तुमच्या अभ्यासक्रमात जी असतील तीच वहीत लिहा, उगाच गुण जायला नकोत. वयाचे आकडे परीक्षेपुरते ठीक आहेत. मुलापुढे बसताना त्यात वर्ष-दीड वर्षाची मागेपुढे धरूनच चाला. अवस्थांचा क्रम महत्त्वाचा, वाढदिवस नव्हे.

२. सामान जमवा

विकतचं काही लागत नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, फुलं, दगड, शिंपले यांवर बालवाडी उभी केली. आपल्याला तर अख्खं स्वयंपाकघर मोकळं आहे.

- काचेचे दोन सारखे ग्लास, एक उंच बारीक ग्लास आणि एक पसरट काचेचा बाऊल. स्टीलचे पेले चालणार नाहीत, बाहेरून पातळी दिसत नाही.
- रंगीत सरबत. साध्या पाण्याची रेघ मुलांना नीट दिसत नाही. कोकम उत्तम.
- चिंचोके किंवा मोठी बटणं, चौदा-पंधरा.
- घट्ट मळलेल्या कणकेचे दोन गोळे.
- खराट्याच्या काड्या, वेगवेगळ्या लांबीच्या, आठ-दहा. एकमेकींत जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा फरक ठेवा, म्हणजे नुसत्या नजरेने लावता येणार नाहीत.
- झेंडूची आठ आणि शेवंतीची तीन फुलं.
- दोन रिकामे डबे (एक लाल, एक निळा), एक बाहुली, दोन रुमाल.
- मोठ्या मुलांसाठी मजबूत दोरा, दोन-तीन नटबोल्ट, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ.
- वही. मोबाइलवर चित्रीकरण करणार असाल तर आईवडिलांना आधी विचारा आणि ते कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

तीन वर्षांखालचं मूल जवळ असेल तर चिंचोके, बटणं, नट हातालाही लागू देऊ नका. ती घशात अडकतात.

३. विचारायची रीत आधी पक्की करा

नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. उदाहरण पुढे येणाऱ्या सरबताच्या खेळाचं घेते: दोन सारख्या ग्लासांत तेवढंच सरबत, मग एकातलं उंच बारीक ग्लासात ओतायचं आणि आता कोणात जास्त ते विचारायचं.

उत्तर बरोबर आहे की चूक, हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका. ‘छान’, ‘शाब्बास’, ‘नीट बघ बरं’ हे तिन्ही शब्द बंद. ‘नीट बघ बरं’ ऐकलं की शाळेत जाणारं कुठलंही मूल उत्तर फिरवतं. ते आता सरबताचा विचार करत नसतं, तुमच्या मनात काय आहे याचा करत असतं.

उत्तरानंतर ‘कशावरून?’ विचारायचंच. गुण द्यायचेच असतील तर ते या प्रश्नाच्या उत्तराला द्या. त्यानंतर एक उलट बाजू मांडा: “मघाशी एक मुलगा म्हणत होता की दोन्हीत तेवढंच आहे. त्याचं बरोबर असेल का?” ठाम असलेलं मूल आपलं म्हणणं सोडत नाही. डळमळणारं मूल लगेच दुसऱ्या बाजूला जातं, आणि तेही लिहून ठेवण्यासारखं असतं.

तोच प्रश्न दोनदा विचारताना जपून. सरबत ओतण्याआधी ‘दोन्हीत तेवढंच आहे का?’ आणि ओतल्यावर पुन्हा तेच विचारलं, तर मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं म्हणून बाई परत विचारतायत. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी प्रश्न फक्त ओतल्यानंतर, एकदाच विचारून पाहिला, तर सहा वर्षांच्या मुलांची उत्तरं सुधारली. मी दोन मुलांवर दोन पद्धती वापरते. एकाला दोनदा विचारायचं, दुसऱ्याला एकदाच. अशी तुलना वहीत असली की परीक्षकही खूश होतात.

भाषा मुलाच्या घरची वापरा. ‘सारखं आहे का?’ असं विचारलं तर काही मुलं ‘सारखं दिसतं का?’ असा अर्थ घेतात आणि ‘नाही’ म्हणतात, कारण ग्लास वेगळे दिसतातच. ‘तुला जास्त मिळालं, मला जास्त मिळालं, की दोघांना तेवढंच?’ असं विचारा. घरात ‘लई’ म्हणत असतील तर ‘लई’ म्हणा. प्रमाण भाषेची परीक्षा घ्यायला आपण बसलेलो नाही.

आई आणि आजी यांना खोलीबाहेर बसवा. प्रेमापोटी त्या हमखास खुणा करतात.

४. तान्हं बाळ ते दोन वर्षं: हातांनी, तोंडाने चालणारा विचार

इथे प्रश्न विचारायचा प्रश्नच नाही. बाळ पोटभर प्यायलेलं आणि झोप झालेलं असताना पाहा.

पहिला खेळ लपवाछपवीचा. बाळ खुळखुळ्याकडे हात नेत असतानाच त्यावर रुमाल टाका. पाच-सहा महिन्यांचं बाळ बहुधा हात मागे घेतं आणि दुसरीकडे बघायला लागतं. आठ-नऊ महिन्यांचं रुमाल ओढून खुळखुळा काढतं. डोळ्यांआड गेलेली वस्तू असतेच, हे त्याला आता कळतंय, असं पियाजेने म्हटलं.

आता थोडं पुढे जा. दोन रुमाल घ्या. खुळखुळा डावीकडे लपवा, बाळाला काढू द्या. असं दोन-तीनदा झालं की त्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडे लपवा. आठ ते बारा महिन्यांची बरीच बाळं तरीही डावीकडचाच रुमाल उचलतात. पाहताना हसू येतं, पण बाळ अगदी गंभीर असतं.

बाळ लपलेली वस्तू शोधत नाही म्हणजे त्याला ती ठाऊकच नाही, हा पियाजेचा निष्कर्ष मात्र पुढे ढिला पडला. १९८५ मध्ये रेने बायार्जाँ आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांना एक अशक्य दृश्य दाखवलं: एक फळी मागे लपलेल्या ठोकळ्यातून आरपार जावी तशी पूर्ण मागे पडते. बाळं त्या दृश्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. हात पोहोचायच्या आधीच डोळ्यांना काहीतरी कळत होतं. म्हणून वहीत ‘बाळाला समजत नाही’ असं कधी लिहू नका, ‘बाळाने शोधलं नाही’ असं लिहा.

दीड वर्षाच्या आसपास मोठी उडी दिसते. ल्युसिएन सोळा महिन्यांची असताना पियाजेने काडेपेटीत घड्याळाची साखळी ठेवली आणि पेटी जेमतेम फट राहील इतकीच उघडी ठेवली. साखळी निघेना. ल्युसिएन थांबली, फटीकडे बघत राहिली आणि तिने स्वतःचं तोंड उघडलं, मिटलं, मग आणखी मोठं उघडलं. त्यानंतर बोट घालून पेटी सरकवली आणि साखळी काढली. ‘उघडायला हवं’ हा विचार तिच्याकडे शब्दांत नव्हता, तो तोंडाने झाला. असा क्षण तुमच्या समोर घडेलच असं नाही. पण कोणाची तरी नक्कल दुसऱ्या दिवशी करणं, मोबाइल समजून ठोकळा कानाला लावणं, हेही त्याच प्रकारचं. त्यावर लक्ष ठेवा.

५. दोन ते सात: इथे भरपूर वेळ द्या

एकच मूल निवडायची मुभा असेल तर पाच-सहा वर्षांचं निवडा. वही आपोआप भरते.

भातुकलीने सुरुवात करा. पान म्हणजे पोळी, माती म्हणजे भात, बाहुली म्हणजे रडकं बाळ. एक वस्तू दुसरीच्या जागी उभी करता येणं ही या वयाची मुख्य कमाई आहे, शब्द आणि चित्रही त्यातूनच येतात. तुम्ही फक्त जेवायला बसा आणि काय काय वाढलं जातंय ते लिहा.

मग गप्पा. पियाजेने जिनिव्हातल्या मुलांना चंद्र, सूर्य, वारा, स्वप्नं यांबद्दल विचारलं होतं. ‘आपण चालतो तेव्हा चांदोबा काय करतो?’ हा प्रश्न आजही चालतो. रात्रीच्या एसटीत खिडकीला नाक लावून बसलेलं मूल असेल तर विचारायचीही गरज नाही, ते स्वतःच सांगतं की तो आपल्याबरोबर गावाला येतोय. सायकल, ढग, दगड, गांडूळ यांपैकी जिवंत कोण, हेही विचारा आणि प्रत्येकाला ‘कशावरून?’ जोडा.

दुसऱ्याच्या जागेवरून पाहणं या वयात अवघड जातं, असं पियाजे म्हणत असे. फोनवर आजीने ‘जेवलास का?’ विचारलं की तीन वर्षांचा नातू नुसती मान हलवतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. पियाजे आणि त्याची सहकारी इनहेल्डर यांची तीन डोंगरांची चाचणी याचसाठी होती: टेबलावर डोंगरांचं मॉडेल, पलीकडे बाहुली, आणि प्रश्न असा की बाहुलीला काय दिसतं? लहान मुलं स्वतःला दिसणारं चित्र दाखवत. पण पुढे मार्टिन ह्यूजने भिंती मांडून पोलिसापासून बाहुली लपवायला सांगितलं, तेव्हा साडेतीन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांनी ती बरोबर लपवली. डोंगर कोणाला कसा दिसतो याच्याशी मुलाला काय देणंघेणं? पोलिसापासून लपायचं मात्र त्याला कळतं. घरी करताना डोंगरांच्या भानगडीत पडू नका, पुठ्ठ्याच्या भिंती करून लपाछपीच मांडा.

याच्याजवळची एक चाचणी पियाजेची नाही, पण नक्की करा. बाहुलीने चॉकलेट लाल डब्यात ठेवलं आणि ती बाहेर गेली. तुम्ही ते मुलासमोर निळ्या डब्यात हलवलं. बाहुली परत आली, ती आधी कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा निळा डबा दाखवतं, कारण चॉकलेट तिथे आहे. चार-पाचच्या पुढे लाल दाखवायला लागतं, आणि बहुतेक वेळा बाहुलीला हसतही असतं. विमर आणि पर्नर यांनी १९८३ मध्ये अशी चाचणी पहिल्यांदा केली.

आता सरबत. शेजारची सहा वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली होती. सारख्या ग्लासांत दोघींना तेवढंच मिळालंय याची तिने स्वतः वाकून खात्री केली. मग मी तिच्या ग्लासातलं उंच ग्लासात ओतलं.

“आता कोणाला जास्त?”

“मला. हे बघ ना मावशी, इथपर्यंत आलंय.”

“परत त्या जुन्या ग्लासात ओतलं तर?”

“मग तेवढंच होणार.”

“आणि आत्ता?”

“आत्ता जास्त.”

यात तिला काहीही खटकलं नाही. परत ओतलं की पुन्हा तेवढंच होतं हे तिला ठाऊक होतं. पण म्हणून आत्ताही तेवढंच असलं पाहिजे, ही गाठ अजून बसली नव्हती. तिचं लक्ष उंचीवर होतं, ग्लास बारीक आहे हे बाजूला राहिलं होतं. थोड्या वेळाने ती स्वतःच ग्लास हातात घेऊन म्हणाली, “पण हा बारीक आहे गं,” आणि गप्प बसली. अशा वेळी तुम्हीही गप्प बसा. तोंडापर्यंत आलेलं स्पष्टीकरण गिळा. पूर्वीच्या समजुतीत न बसणारं काही समोर येतं आणि मूल अडखळतं, तिथून पुढे ते आपली समजूत स्वतः दुरुस्त करतं. पियाजेच्या मते वाढ होते ती अशी.

चिंचोक्यांचं हेच. सात-सातच्या दोन ओळी समोरासमोर लावा, एक ओळ पसरा. चार-पाच वर्षांचं मूल लांब ओळीत जास्त आहेत म्हणतं, काही मुलं तर दोन्ही मोजून, सात-सात म्हणूनही ‘हे जास्त’ म्हणतात. इथेही एक गंमत करा. ओळ तुम्ही पसरवू नका, खोडकर अस्वलाने विस्कटली असं दाखवा. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये हे केलं तेव्हा कितीतरी जास्त मुलं ‘तेवढेच’ म्हणाली. मोठं माणूस मुद्दाम काही बदलतं तेव्हा त्यात काही अर्थ असणार असं मुलाला वाटतं. अस्वलाचं काय, ते वेडपटच.

शेवटी फुलं. आठ झेंडू, तीन शेवंती. “झेंडू जास्त आहेत की फुलं?” पाच वर्षांचं मूल झटकन ‘झेंडू’ म्हणतं. प्रश्न आपल्यालाही जरा विचित्रच वाटतो, म्हणून दुसऱ्या फेरीत “झेंडूच्या फुलांचा हार मोठा होईल की सगळ्या फुलांचा?” असं विचारून पाहा. दोन उत्तरांत फरक पडला तर अडचण विचारात कमी आणि प्रश्नात जास्त होती.

६. सात ते अकरा: हातात वस्तू असेल तर तर्क पक्का

दुसरी-तिसरीतलं मूल सरबताच्या प्रश्नावर तुमच्याकडे जरा कीव करत बघतं. “तेवढंच ना, तुम्ही कुठे सांडलंत?” कारण तीन प्रकारचं येतं: काही घातलं-काढलं नाही, परत ओतलं तर तेवढंच होईल, उंच आहे पण बारीक आहे. कोणतं कारण आलं ते लिहा.

इथला सापळा असा की सरबत जमलं म्हणजे सगळंच जमलं असं धरलं जातं. तसं नसतं. संख्या साधारण सहा-सातला कळते, कणकेचा गोळा लांब केला तरी कणीक तेवढीच हे सात-आठला, वजन तेवढंच हे नऊ-दहाला, आणि गोळा पाण्यात बुडवला तर पाणी तेवढंच वर चढेल हे अकरा-बाराच्या सुमाराला. तर्क तोच, पण प्रत्येक जागी तो नव्याने बसवावा लागतो. म्हणून एकाच मुलाला चारही प्रश्न विचारा आणि गाडी कुठे थांबते ते पाहा.

रोजच्या कामाचाही यात वाटा असतो. १९६९ मध्ये मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा मातीच्या गोळ्याचा प्रश्न ती इतर मुलांपेक्षा चांगला सोडवत होती. कुंभारवाड्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकांनी हे जरूर करून बघावं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-लिंबं विकणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी अचूक करत आणि तोच हिशेब कागदावर दिला की चुकत, हेही १९८५ सालच्या अभ्यासात नोंदलेलं आहे. आठवडी बाजारात आईशेजारी बसणारा तुमच्या वर्गातला मुलगा गणितात ‘कच्चा’ ठरवण्यापूर्वी त्याला भाजीचा हिशेब विचारा.

काड्यांचा खेळ सोपा आहे. चार-पाच वर्षांचं मूल लहान-मोठ्या अशा जोड्या लावतं किंवा वरची टोकं चढती ठेवतं आणि खालची वाटेल तशी सोडतं. सहाच्या सुमाराला चाचपडत, चुकत लावतं. सात-आठ वर्षांचं आधी सगळ्यांत छोटी शोधतं, मग उरलेल्यांतली छोटी, मग पुढची.

७. अकराच्या पुढे: ‘समजा’ म्हटलं की

“समजा, सगळी मांजरं भुंकतात. आमची मनी मांजर आहे. मनी काय करेल?” आठ वर्षांचा मुलगा म्हणतो, “मांजर भुंकत नाही, म्याव करतं.” तेराची मुलगी म्हणते, “भुंकेल, तुम्ही समजा म्हटलंत ना.” प्रत्यक्षात नसलेल्या गोष्टीवरून पुढचा विचार चालवणं, हे या वयाचं. मात्र हेच वाक्य परीकथेच्या सुरात सांगितलं तर पुष्कळ लहान मुलंही बरोबर उत्तर देतात. म्हणून सपाट सुरात विचारा.

दोलकाचा प्रयोग पियाजे-इनहेल्डर यांचा गाजलेला. दोऱ्याला नट बांधून टांगा आणि विचारा: झोके भरभर यावेत म्हणून काय बदलावं लागेल? दोऱ्याची लांबी, वजन की ढकलण्याचा जोर? दहा वर्षांचं मूल दोरा आखूड करतं आणि त्याच वेळी नटही वाढवतं, मग ‘वजनामुळे’ म्हणतं. पुढच्या वयात एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवायची युक्ती येते. तुमच्या पडताळणीसाठी सांगते: झोका लहान ठेवला तर १ मीटर दोऱ्याचे ३० सेकंदांत साधारण १५ झोके (जाऊन-येऊन एक) होतात, २५ सेंटिमीटरचे साधारण ३०. वजनाने जवळजवळ काही फरक पडत नाही. दोरा नटाच्या मध्यापर्यंत मोजा, नाहीतर आकडा जुळणार नाही.

दुसरा खेळ भेळेचा. कांदा, कैरी, डाळिंब, शेव यांपैकी हवं ते घालायचं, निदान एक तरी, तर किती तऱ्हेच्या भेळी होतील? उत्तर १५. उत्तर किती आलं यापेक्षा कागद बघा: यादी उड्या मारत गेलीय, की एकेक, दोन-दोन, तीन-तीन अशी रांगेने?

सगळी मुलं इथे पोहोचतात का? पियाजेने स्वतः १९७२ मध्ये मान्य केलं की असा विचार माणसं आपापल्या आवडीच्या आणि कामाच्या क्षेत्रात करतात, सगळीकडे नाही. गॅरेजमधला मुलगा इंजिन का बंद पडतंय हे एकेक शक्यता वगळत शोधतो आणि भूमितीच्या पेपरात गडबडतो, ते यामुळेही असू शकतं.

या वयाची डोकेदुखीही याच नव्या ताकदीतून येते. दुसऱ्याच्या मनात काय असेल याची कल्पना करता आली की सगळं जग आपल्या मुरुमाकडेच बघतंय, असंही वाटायला लागतं. डेव्हिड एल्काइंडने १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटलं. लग्नाला न येण्यासाठी अडून बसलेल्या नववीतल्या मुलीला ‘तुझ्याकडे कोण बघतंय?’ म्हणण्यात अर्थ नाही. तिच्या मते सगळेच बघतायत. आदर्श जग कसं असावं हेही आता सुचतं, म्हणून घरातल्या प्रत्येक नियमावर वाद होतो. आईबापांनी थोडं सोसावं, वकिली शिकायचं वय आहे.

८. वही कशी लिहायची

वय वर्षं आणि महिन्यांत लिहा. ‘५ वर्षं ९ महिने’ आणि ‘५ वर्षं १ महिना’ यांत बराच फरक असतो. मुलाचं खरं नाव घालू नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, ‘लई’, ‘गं’, ‘ना’ यांसकट. थांबलं, ग्लास हातात घेतला, तुमच्याकडे बघितलं, हेही लिहा. तुमचं मत वेगळ्या रकान्यात. ‘हुशार’, ‘मंद’ हे शब्द वहीत नकोत.

एका बैठकीत दोन-तीनपेक्षा जास्त खेळ घेऊ नका, मूल कंटाळलं की काहीही सांगून मोकळं होतं. तेच खेळ तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्या.

‘मग याला लवकर कसं शिकवायचं?’ हा प्रश्न पालक विचारणारच. अमेरिकेतले लोक हाच प्रश्न सारखा विचारतात म्हणून पियाजे त्याला ‘अमेरिकन प्रश्न’ म्हणत असे. आता तो आपल्याकडेही तितकाच चालतो. सरबताचं उत्तर पाठ करून घेतलेलं मूल कणकेच्या गोळ्यापाशी पुन्हा अडतं. हे खरं असलं तरी मदत करूच नये असंही नाही. पियाजेच्याच वर्षी, १८९६ मध्ये, जन्मलेला रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की सांगतो की मूल एकट्याने काय करतं तेवढंच पाहू नका, जाणत्याच्या थोड्या आधाराने ते कुठवर जातं हेही पाहा. मला वर्गात विगोत्स्की जास्त उपयोगी पडतो आणि निरीक्षणात पियाजे. अभ्यासक्रमात दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करतात, ते फार मनावर घेऊ नका.

९. कधी थांबून डॉक्टरांना विचारायचं

हे खेळ निदानासाठी नाहीत. सात वर्षांच्या मुलाला सरबत ‘जास्त’ वाटलं म्हणून कोणाला घाबरवू नका. काही गोष्टींकडे मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणून दुर्लक्ष करू नये: नऊ-दहा महिन्यांचं बाळ नावाने हाक मारली तरी वळत नाही, वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही की टाटा करत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, आणि कुठल्याही वयात, आधी येत असलेलं बोलणं किंवा कौशल्य हरवलं. ऐकू येतं का, हे आधी तपासून घ्या.

बालरोगतज्ज्ञ जवळ नसतील तर अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, आणि गरज वाटल्यास जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. जाताना बाळाचं लसीकरण कार्ड, जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद आणि तुमची निरीक्षणाची वही घेऊन जा. ‘आमचा मुलगा बोलत नाही’ यापेक्षा ‘अमुक तारखेला असं विचारलं, त्याने असं केलं’ हे डॉक्टरांच्या जास्त कामाचं असतं.